तुम्ही विचारलंत म्हणून: घोडा चौखूर का सोडत नाहीत?

न्यू जर्सीत आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यती दाखवायला नेतो, तेव्हा दुसरी शर्यत संपायच्या आत प्रश्न येतोच: घोडा चौखूर सोडायचा नाही आणि मागे नुसते बसून राहायचे, तर यात त्या माणसाचे कर्तृत्व ते काय?

या शर्यतीतला घोडा दुडक्या चालीनेच धावला पाहिजे, किंवा दुसऱ्या प्रकारात एकाच बाजूचे पुढचे-मागचे पाय जोडीने टाकत. चाल मोडून तो चौखूर सुटला, की हाकणाऱ्याला त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावे लागते आणि तेवढ्यात बाकीचे पुढे निघून जातात. दोन चाकांच्या हलक्या गाडीत, घोड्याच्या पुठ्ठ्याला जवळजवळ टेकून, पाय दोन्ही अंगांना लांब टाकून बसलेला माणूस लगामातून त्याचा उतावळेपणा जोखत असतो.

उत्तर म्हणून मी स्टॅनली डान्सर यांचे १९६८ साल सांगतो. न्यू जर्सीतच जन्मलेले डान्सर घोडे स्वतः तयार करत आणि स्वतःच हाकत. त्या वर्षी त्यांच्या हाताखाली दोन अगदी विरुद्ध प्रकृतीचे घोडे होते. नेव्हेल प्राइड हा तीन वर्षांचा, चावण्या-लाथाडण्यासाठी कुप्रसिद्ध; त्याच्याकडून त्यांनी हॅम्बल्टोनियनसह दुडक्या चालीच्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकून घेतल्या, आणि पुढच्याच वर्षी त्याने ग्रेहाउंड नावाच्या घोड्याचा १९३८ पासून अबाधित असलेला एका मैलाचा विक्रम मोडला.

मला मात्र दुसऱ्याचे अप्रूप अधिक वाटते. न्यूझीलंडच्या कार्डिगन बेचे पुठ्ठ्याचे हाड १९६२ मध्ये अपघातात मोडून कायमचे खचले होते, आणि १९६४ मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हा त्याचे वय आठ होते. असा घोडा सरावात दामटणारा माणूस त्याला हंगामभरातच संपवून बसला असता. डान्सर यांच्या हाती त्याने १९६६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या याँकर्सच्या मैदानावर ब्रेट हॅनोव्हरसारख्या तरुण, नावाजलेल्या घोड्याला हरवले आणि १९६८ मध्ये, बाराव्या वर्षी, इथल्याच फ्रीहोल्डच्या मैदानावर एकूण दहा लाख डॉलर मिळवणारा आपल्या जातीचा पहिला घोडा होण्याचा मान पटकावला. त्यानंतर डान्सर त्याला घेऊन एड सलिव्हन यांच्या टीव्ही कार्यक्रमातही जाऊन आले, हे ऐकल्यावर पाहुणे पहिल्यांदा हसतात.

फ्रीहोल्डचे ते मैदान २०२४ च्या डिसेंबरअखेर कायमचे बंद झाले. त्यामुळे आता मी पाहुण्यांना मेडोलँड्सच्या मैदानावर नेतो, कठड्यापाशी उभे करतो, आणि घोड्यांच्या पायांकडे न पाहता हाकणाऱ्यांच्या मनगटांकडे पाहायला सांगतो.