तुम्ही विचारलंत म्हणून: सेवेला गेल्याने परकी माणसं कळतात का?

"मुलीला सुट्टीत एखाद्या सेवाशिबिराला पाठवायचं म्हणतेय. वेगळ्या देशातली, वेगळ्या धर्माची माणसं बघेल, चार गोष्टी शिकेल. पण खरं सांगा, दोन-तीन आठवडे कुणाच्या तरी भिंती रंगवून दुसरी संस्कृती कळते का हो?"

थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मला सतत विचारला जातो. आईवडील विचारतात, कॉलेजातली मुलं विचारतात, नोकरीतून मोकळी झालेली आणि हाताशी वेळ असलेली माणसंही विचारतात. मला विचारतात, कारण गेली अकरा वर्षं दर शनिवारी सकाळी मी निर्वासितांच्या एका मदतकेंद्रात बसते. देश सोडून आलेल्या माणसांचे अर्ज भरून देणं एवढंच माझं काम. त्याआधी दोन श्रमशिबिरंही केली होती.

माझं उत्तर असं, की कळतं, पण सेवा केल्यामुळे नाही. सेवा करताना आपण चुकलो आणि ती चूक समोरच्याला आपल्या तोंडावर सांगता आली, तर कळतं. हे मी कशावरून म्हणते, ते जरा सविस्तर सांगते.

पहिल्याच वर्षातली गोष्ट. म्यानमारहून आलेलं एक कुटुंब माझ्या टेबलाशी आलं. नवरा, बायको, दोन मुलं आणि सोबत दुभाषी. अर्जात एक चौकट नावाची आणि एक आडनावाची, दोन्ही भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. त्या गृहस्थांनी नाव सांगितलं, तीन छोटे शब्द. मी पहिले दोन नावाच्या चौकटीत टाकले आणि शेवटचा आडनावाच्या. बायकोचं तसंच, मुलांचंही तसंच. ते काहीतरी सांगू पाहत होते, पण मागे रांग होती आणि मला वाटत होतं की मी त्यांचं काम झटपट करून देतेय. जन्मतारीख विचारली, तर त्यांनी आधी वार सांगितला. "वार नको, तारीख सांगा," असं म्हणून मी त्यांना थांबवलं.

चार महिन्यांनी कचेरीतून पत्र आलं. चौघांची आडनावं चार, तेव्हा ही माणसं एकाच कुटुंबातली असल्याचा पुरावा सादर करावा. म्यानमारमध्ये बहुतेकांना आडनाव नसतंच. नाव त्या माणसाचं एकट्याचं असतं, ते बापाकडून मुलाकडे जात नाही आणि लग्नानंतर बायकोचं बदलत नाही. मी त्यांच्या नावांचे तुकडे करून चार खोटी आडनावं तयार केली होती. ती निस्तरण्यात त्या कुटुंबाचे आणखी पाच महिने गेले.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. ऊ थांट हे नाव मी शाळेत पाठ केलेलं होतं. 1961 ते 1971 या काळात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस. त्यातला 'ऊ' हा नुसता आदरार्थी शब्द आणि नाव फक्त 'थांट', हेही वाचून माहीत होतं. म्हणजे माहिती माझ्याकडे होती. समोर जिवंत माणूस येऊन बसला तेव्हा ती माझ्या हाताशी आली नाही.

पत्र आल्यानंतरच्या शनिवारी ते पुन्हा आले. रागावतील अशी मी मनाची तयारी केली होती. त्यांनी मुलाची वही उघडली आणि त्यावर पट्टीने आखलेल्या आठ चौकटी माझ्यापुढे ठेवल्या. आठवड्याचे वार सात, पण त्यांच्याकडे बुधवारचे दोन भाग धरतात, दुपारपर्यंतचा आणि दुपारनंतरचा. म्हणून आठ. प्रत्येक वाराची अक्षरं ठरलेली आणि मूल ज्या वारी जन्मलं त्या अक्षरांवरून त्याचं नाव ठेवायची जुनी रीत. चौघांची नावं त्यांनी आपापल्या चौकटीत लिहून आणली होती. मी "वार नको" म्हणाले होते तेव्हा ते मला खरं तर स्वतःच्या नावाची किल्ली देत होते.

मग दुभाष्यामार्फत त्यांनी विचारलं, "तुमचा वार कोणता?"

मला माहीत नव्हता. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. स्वतःचा जन्मवारही ठाऊक नसलेली बाई, हिचं कसं होणार, असं काहीतरी त्या नजरेत होतं. आडनाव नाही असं ऐकल्यावर मीही त्यांच्याकडे अगदी असंच पाहिलं असणार. फोनवर शोधलं, गुरुवार निघाला. त्यांनी तो वहीत त्या चौकटीत लिहिला, त्याखाली आपल्या लिपीत माझं नाव लिहिलं आणि पान फाडून मला दिलं.

त्या दिवशी मला म्यानमारची संस्कृती कळली असं मी म्हणणार नाही. मला कळलं ते हे, की अर्ज ही काही कोरी गोष्ट नसते. त्या दोन चौकटींत कुणाची तरी रीत आधीच बसलेली असते आणि ती आपल्या ओळखीची असली की आपल्याला दिसत नाही. तेव्हापासून मी कागदांकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. अफगाणिस्तान, सोमालिया, सुदान अशा देशांतून आलेल्या कितीतरी जणांच्या कागदांवर जन्मतारीख 1 जानेवारी असते. जन्माची नोंद झालेली नसते, वर्ष अंदाजाने धरतात आणि चौकट रिकामी राहू नये म्हणून वर्षाचा पहिला दिवस लिहून मोकळे होतात. अमेरिकेच्या व्हिसावर एकेरी नावाच्या माणसाचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफ एन यू' अशी तीन अक्षरं येतात. त्यांचा अर्थ पहिलं नाव अज्ञात. आईवडिलांनी ठेवलेलं धडधाकट नाव असूनही!

आता शिबिरांविषयी, कारण तुमचा मूळ प्रश्न तो आहे. वेगवेगळ्या देशांच्या स्वयंसेवकांनी एकत्र राहून अंगमेहनत करायची, या प्रथेचं मूळ पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्रान्समध्ये आहे. व्हर्दंजवळचं एन-आं-आर्गोन हे गाव लढाईत जमीनदोस्त झालं होतं. 1920 च्या नोव्हेंबरात पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनियर काही मोजक्या माणसांना घेऊन तिथे गेला आणि त्यांत जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव पडलं त्या देशातली माणसं तिथे निवारे उभारायला, शेतं साफ करायला आली. हे किती अवघड होतं ते पुढे दिसलंच. जर्मन नकोत असा विरोध वाढत गेला आणि 1921 च्या वसंतात काम थांबवावं लागलं. पण त्यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. जानेवारी 1934 च्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः बिहारमध्ये येऊन गावं पुन्हा उभारण्याच्या कामात राहिले.

या पहिल्या शिबिराची हकिकत मी मुद्दाम सांगते, कारण एकत्र काम केलं की मनं आपोआप जुळतात ही समजूत मला घातक वाटते. 1954 साली गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच मांडलं होतं. दोन गटांतली माणसं नुसती एकमेकांसमोर आल्याने पूर्वग्रह जात नाहीत. त्या भेटीत दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरच्या अधिकाऱ्यांचं, कायद्याचं किंवा रूढीचं पाठबळ हवं. पुढे थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी अशा 515 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासून 2006 मध्ये मांडले. भेटींनी पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतात, असं त्यांना आढळलं. दोन वर्षांनी त्यांनी त्याचं कारण शोधलं. दुसऱ्या गटाबद्दलची माहिती वाढते म्हणून पूर्वग्रह जातो, हा भाग त्यात सर्वांत लहान निघाला. त्याहून कितीतरी मोठा वाटा धास्ती कमी होण्याचा आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवता येण्याचा. शाळेत पाठ केलेलं ऊ थांट मला का उपयोगी पडलं नाही, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

बरोबरीच्या दर्जाचं कलम मात्र सेवेत सहज पाळलं जात नाही. देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याची जीभ बांधलेली असते.

याचा अनुभव मला तिसऱ्या वर्षी आला, आणि तो अजून बोचतो. एका बाईंचा दवाखान्यासाठीचा अर्ज भरत होते. दुभाषी आली नव्हती, म्हणून त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीकडून प्रश्न विचारून घेतले. यापूर्वी किती वेळा गरोदर होतात, असा एक प्रश्न होता. मुलीने तो आईला विचारला. आई बराच वेळ मुलीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, एकदा. मी लिहिलं. मनात म्हटलं, यांच्यात बायका असल्या गोष्टी मोकळेपणी बोलत नाहीत वाटतं.

दोन आठवड्यांनी त्या बाई मोठ्या दुभाषीला घेऊन आल्या. वाटेत, सीमा ओलांडण्याआधी, त्यांचं एक बाळ गेलं होतं. मुलीला ते सांगितलेलंच नव्हतं. दुभाषी अडखळत, माझी क्षमा मागत म्हणाली, "त्या म्हणतायत, तुम्ही त्यांना त्यांच्या मुलीसमोर खोटं बोलायला लावलंत."

त्यांच्या गप्प बसण्याला मी 'संस्कृती' असं नाव देऊन मोकळी झाले होते. तिथे संस्कृतीचा संबंधच नव्हता. कुठलीही आई जे करेल तेच त्यांनी केलं होतं. नावांच्या बाबतीत मी सगळे आपल्यासारखेच असं धरून चालले होते, आणि इथे आपल्यासारखंच असलेलं दुःख मला परकं वाटलं. लहान मुलांना दुभाषी करायचं नाही हा नियम आमच्या केंद्रात त्यानंतर झाला. तो त्या बाईंनी करायला लावला. त्यांना ते सांगता आलं, कारण त्या दर आठवड्याला येत होत्या, मी तिथेच बसलेली सापडत होते आणि दुभाषी पगारी होती, माझ्या मर्जीवर नव्हती. यातलं एकही नसतं तर त्या गप्प बसल्या असत्या. आणि मी आजही तुम्हाला सांगत बसले असते, की त्यांच्यात बायका फार मोकळेपणी बोलत नाहीत.

इव्हान इलिच या विचारवंतांनी 1968 साली मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे अमेरिकेतून आलेल्या विद्यार्थी-स्वयंसेवकांना फार कडक शब्दांत सुनावलं होतं. बघायला या, डोंगर चढायला या, अभ्यासाला या, पण मदत करायला येऊ नका. आणि गरिबांत काम करायचंच असेल तर निदान अशा गरिबांत करा, जे तुम्हाला 'चालते व्हा' म्हणू शकतात. त्यांचं दुसरं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पहिलं पटत नाही. नुसता बघायला आलेला माणूस कधी चुकत नाही, म्हणून त्याला कुणी दुरुस्तही करत नाही. तो जसा येतो तसाच फोटो घेऊन परत जातो.

तेव्हा मुलीला पाठवायचं असेल तर शिबिराच्या पत्रकातले फोटो बघू नका. तिथल्या लोकांनी हे काम मागितलं आहे का, ते विचारा. त्या कामाचा मुकादम कोण, तेही विचारा. तिथलाच कुणी गवंडी किंवा शेतकरी तुमच्या मुलीला हात धरून शिकवणार असेल आणि तिने रचलेला दगड काढून पुन्हा रचायला लावणार असेल, तर डोळे मिटून पाठवा. अंगमेहनतीचं मला म्हणूनच महत्त्व वाटतं. भिंत रचता येणारा तिथे गुरू होतो आणि पदवीधर विद्यार्थी. अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांशी खेळायला मात्र पाठवू नका, कितीही आग्रह झाला तरी. लहान मुलं जीव लावतात आणि मग येणारा प्रत्येक जण निघून जातो. शिवाय अशा संस्थांतल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. स्वयंसेवकांची ये-जा चालू राहावी म्हणून मुलं घरापासून दूर ठेवली जाण्याचा धोका असतो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2019 च्या बालहक्कांवरच्या ठरावात त्याची दखल घेतली आहे.

आणि लांबच जायला हवं असंही नाही. गेल्या वर्षी ज्या मैत्रिणीने मला हा प्रश्न विचारला, तिची मुलगी शिबिराऐवजी आमच्याकडे शनिवारी येऊ लागली. परवा घरी जाताना ती घुश्शात होती.

"मावशी, त्या आजींनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं."

"मग?"

"मी लिहिलेलं सगळं खोडलं. तीन वेळा नीट लिहिलं होतं मी. आणि मग शेजारी स्वतःच काहीतरी लिहिलं, त्यांच्या लिपीत. मला वाचताच येईना."

खोडलेला तो कागद तिने टाकला नव्हता. घडी घालून पर्समध्ये ठेवला होता. तो काढून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, हे कुणाकडून वाचून घेऊ?

म्हटलं, त्यांच्याकडूनच. शनिवारी येतील त्या.