दरी पाह्यली, गाव?

“दरी पाह्यली ना दादा? मग आमचं गाव पाह्यलं का?”

सातपुड्यातल्या तोरणमाळला सीताखाईच्या दरीवरून परतताना रस्त्याकडेला सीताफळं घेत होतो. मावशी एकेक फळ हातात फिरवून त्याचे डोळे बघत होत्या. फटी पिवळसर झालेली आज खायला, घट्ट हिरवी दोन दिवसांनी. दोन ढीग वेगवेगळे बांधून दिले आणि सहज हे विचारलं.

मला उत्तरच देता येईना. सकाळी शहाद्याहून निघालो, सातपायरी घाट चढलो, यशवंत तलाव, गोरखनाथाचं देऊळ, मग सीताखाईच्या कड्यावर उभं राहून हाका मारल्या. आपलाच आवाज परत आला की केवढा आनंद होतो! अंधाराआधी उतरायची घाई.

त्यांचं घर मागेच, पन्नास पावलांवर. कुडाच्या भिंती, अंगणात मक्याची कणसं वाळत घातलेली. मी तिकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

आपण खान्देशातली माणसं, सातपुडा आपला म्हणतो. पण तिथल्या किती घरांत पाणी प्यायलोय?

होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत पुन्हा जायचंय, या वेळी मुक्कामाला. तिकडे कुणाच्या घरी राहिलेलं आहे का तुमच्यापैकी कोणी?