सातव्या सामन्याची पहाट

19 मे 2025, पहाटेचे पाच. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरात सगळे झोपलेले, फक्त मी आणि आबा जागे. सुट्टीला आल्यापासून आबा मला पहाटे लॅपटॉपसमोर बसलेली बघत होते. त्या दिवशी तेच उठून चहा टाकून आले. सोप्यात डब्याला टेकवून ठेवलेल्या लॅपटॉपवर टोरोंटोची आइस हॉकीची मॅच सुरू झाली. तिकडे अठरा तारखेच्या रविवारचे संध्याकाळचे साडेसात. टोरोंटोचे मेपल लीफ्स विरुद्ध फ्लोरिडा पँथर्स, सातवा सामना.

आबांचा पहिला प्रश्न, "ह्यात ऑफसाइड असतंय का गं?"

असतं. बर्फावरच्या निळ्या रेषेच्या पलीकडे आधी पक, म्हणजे बर्फावरून सरकणारी चकती, जायला हवा, मग खेळाडू. मी बोटानं दाखवलं. उभा जन्म शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर फुटबॉल बघत काढलेल्या माणसाला तेवढं पुरलं. पाच मिनिटांत ते लाइन्समनच्या आधी "ऑफसाइड!" म्हणू लागले.

प्लेऑफची, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीची रीत अशी, की एकाच संघाशी जास्तीत जास्त सात सामने आणि आधी चार जिंकेल तो पुढे. लीफ्सनी 2024-25 च्या हंगामात आपल्या गटात पहिला नंबर काढला, पहिल्या फेरीत ओटावाला सहा सामन्यांत घालवलं, मग फ्लोरिडाविरुद्ध पहिले दोन्ही सामने जिंकले. टोरोंटोत माझ्या ऑफिसमधली माणसं मला रोज मेसेज करत होती. पण त्या दोनातल्या पहिल्याच सामन्यात गोलकीपर अँथनी स्टोलार्झ डोक्याला मार लागून बाहेर गेला होता. त्याच्या जागी जोसेफ वोल आला. दुसऱ्यानंतरचे तीन सामने ओळीनं गेले, पाचवा तर घरच्या मैदानावर 6-1 असा. सहाव्यात, फ्लोरिडात जाऊन, वोलनं एकही गोल होऊ दिला नाही. 2-0. म्हणून ही पहाट उजाडली.

पहिल्या सत्रात गोल नाही. दुसऱ्यात बघता बघता तीन खाल्ले. आबांनी चहाचा कप खाली ठेवला तो परत उचलला नाही. शेवटी पुन्हा 6-1. लोकांनी अंगातल्या निळ्या जर्सी काढून बर्फावर फेकल्या.

आबांना हरल्याचं नाही, त्याचं वाईट वाटलं. "आम्ही पाटाकडील तालमीच्या संघाशी हरून मान खाली घालून चालत पेठेत आलोय. पण झेंडा कधी टाकला न्हाई."

मला त्या लोकांचाही राग येत नाही. या लीगचा स्टॅनली कप टोरोंटोला शेवटचा मिळाला 1967 साली, लीगमध्ये सहाच संघ होते तेव्हा. 2018 पासून सातव्या सामन्यापर्यंत जाऊन सहा वेळा हरलो. हो, हरलो. टोरोंटोशेजारच्या मिसिसागात नवीन असताना बर्फात बसस्टॉपवर अनोळखी माणूस बोलायला लागला तो कालच्या मॅचवरून; त्या गावात मला पहिली ओळख या संघानं दिली.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत बरंच घडलं. 2014 पासूनचे अध्यक्ष ब्रेंडन शॅनहन यांचा करार क्लबनं वाढवला नाही. आणि आमचा खेळाडू मिच मारनर व्हेगासच्या संघात गेला. याच भागात वाढलेला पोरगा, 2024-25 मध्ये 102 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), नऊ हंगाम निळी जर्सी. हे फोनवर सांगितलं तर आबा गप्प झाले. पेठेतला पोरगा दुसऱ्या तालमीकडून उतरला की काय होतं, ते मी त्यांना सांगायची गरज नव्हती. मला मात्र वाटतं, प्रत्येक हार याच एका पोराच्या माथी मारली गेली. तो गेला याचा दोष मी त्याला देणार नाही.

हे लिहितेय 2025-26 चा हंगाम सुरू व्हायच्या आधी. मग पुढच्या वर्षाचं काय? त्याच्या बदल्यात आलेला निकोलस रॉय कष्टाळू आहे, पण ते 102 गुण कुठून भरून निघणार? साखळीत आम्ही 2024-25 पेक्षा खाली राहू, असं मला वाटतं. तरी आशा आहे. मिसिसागात जन्मलेला जॉन टव्हारेस वर्षाला 1 कोटी 10 लाख डॉलर घ्यायचा, तो आता सुमारे 44 लाखांवर चार वर्षं राहिलाय. घरासाठी माणूस एवढं सोडतो, हे बघून बरं वाटलं. तरुण मॅथ्यू नाइजला सहा वर्षांसाठी बांधून घेतलंय. 2024 मध्ये प्रशिक्षक म्हणून आलेल्या क्रेग बरुबींनी 2019 मध्ये सेंट लुईसला कप मिळवून दिलाय. सगळं अडलंय ते कॅप्टन ऑस्टन मॅथ्यूजच्या अंगावर. दुखापत घेऊन खेळला आणि 69 गोलांवरून 33 वर आला. तो धडधाकट परतला आणि स्टोलार्झ टिकला, तर मे महिन्यात आम्ही कुणालाही भारी पडू.

हंगाम 8 ऑक्टोबर 2025 ला सुरू होतोय, मॉन्ट्रियलविरुद्ध, आमच्याच मैदानावर. काल आईचा फोन होता. म्हणाली, आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर 9 ऑक्टोबरला निळ्या पेनानं गोल केलाय, आणि खाली लिहिलंय, पहाटे साडेचार.