टाकीचा रंग आणि रंगाखालचे काम

९ नोव्हेंबर, रविवार

आप्पांची स्प्लेंडर रंगवायची, हे मी त्यांच्या वर्षश्राद्धानंतरच ठरवले होते. परंतु वैशाख-ज्येष्ठात अमळनेरला अंगणात ठेवलेल्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि पावसाळ्यातला दमटपणा ओल्या रंगावर पांढुरकी झाक आणतो, म्हणून दिवाळी उलटण्याची वाट पाहिली. गाडी १९९८ ची, एमएच-१९ पासिंगची आहे. शेतातून जिनिंगपर्यंत, तिथून सोसायटीत आणि पुन्हा शेतात अशी तिची वीस-बावीस वर्षे गेली. इंजिन आजही पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. मात्र टाकीवरचा काळा रंग झाकणाभोवती फुगून सुटू लागला होता.

स्वतः रंगवावी की पेंटरकडे द्यावी, या प्रश्नावर मी गेले पंधरा दिवस घालवले. गावातल्या एका पेंटरने टाकी, दोन्ही साइड पॅनल आणि मागचा भाग मिळून साडेचार हजार रुपये सांगितले आणि तीन दिवसांत लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून, गुळगुळीत करून देतो, असे आश्वासन दिले. साहित्य आणून घरी करायचे तर निम्म्याहून कमी खर्च येईल, असा माझा हिशेब होता. पण खरे कारण पैशांचे नव्हते. ज्या गाडीच्या टाकीवर बसून मी पहिल्यांदा शाळेत गेलो, ती टाकी परक्याच्या हाती देण्यापूर्वी आपल्या हाताखालून जावी, एवढीच इच्छा होती.

आज सकाळी टाकी उतरवली. पेट्रोल पूर्ण काढून, कॉक सोडवून ती कालपासून झाकण उघडे ठेवून वाऱ्यावर ठेवायला हवी होती, हे ऐनवेळी लक्षात आले, म्हणून दुपारपर्यंत थांबलो. रिकाम्या टाकीत उरलेली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. तिच्याजवळ ग्राइंडर किंवा हीट गन चालवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्यामुळे सगळे काम हाताने, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने केले.

घासू लागलो तसा काळ्या रंगाखाली करड्या लांबीचा थर लागला आणि तो संपेना. झाकणाच्या उजव्या बाजूला तो जवळपास बोटाच्या पेरा-एवढा जाड होता. त्याखाली कंपनीचा मूळ मरून रंग नव्हता, रंगाआधी पत्र्यावर मारायचा प्रायमरही नव्हता. होता तो थेट गंज. बारा-तेरा वर्षांपूर्वी आप्पांनी ही टाकी एका पेंटरकडे दिली होती. चेपलेला भाग ठोकून वर काढण्याऐवजी आणि गंज काढण्याऐवजी त्याने दोन्हींवर लांबी थापली आणि वरून रंग मारला. ही लांबी सच्छिद्र असते. ती उघडी असताना पाण्याने घासली तर ते पाणी आत शिरते आणि वरचा रंग त्याला बाहेर पडू देत नाही. म्हणजे गाडी दुकानातून चकचकीत होऊन आली, त्या दिवशीच तिच्यात गंजाची सुरुवात झालेली होती. आप्पांनी त्या कामाचे पैसे कापूस विकून आल्याबरोबर, एकरकमी दिले होते. मला आज फार वाईट वाटले आणि रागही आला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर शाळा सुटल्यावर रोज तास-दीड तास घासकाम केले. पत्रा पूर्ण उघडा झाल्यावर फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक द्रव लावले. लाल गंज काळसर होत जातो, तो धुऊन, पुसून, लगेच उन्हात कोरडा केला. पत्रा खड्ड्याखड्ड्यांचा झाला आहे, पण आरपार भोक कुठेही पडलेले नाही. जिथे मूळ रंग घट्ट आहे तिथे तो मुद्दाम ठेवला आणि त्याच्या कडा २२० व ३२० नंबरच्या कागदाने इतक्या उतरत्या केल्या की डोळे मिटून बोट फिरवले तर पायरी लागू नये. या कामाला कौशल्यापेक्षा वेळ लागतो, आणि रोजची पाच टाक्यांची कामे पडलेल्या कारागिराजवळ नेमका तोच नसतो.

आज एका साइड पॅनलवर स्प्रेच्या डब्याने रंग मारून पाहिला. चूक झाली ती वेळेची. दुपारी एक वाजता उन्हात पॅनल तापलेले होते. रंगाचे थेंब पृष्ठभागावर पसरून एकमेकांत मिसळण्याआधीच त्यांतले थिनर उडून गेले आणि हाताला खरखरीत, धुळीसारखा थर लागला. संध्याकाळी सावलीत दुसरे पॅनल केले. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने चार पातळ हात दिले, तेव्हा ते खरोखर सुरेख आले आणि मला वाटले की टाकीही आपणच करावी.

तरीही एक परीक्षा राहिली होती. सुकल्यावर पॅनलच्या आतल्या बाजूला पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा दोन मिनिटे धरला. रंग मऊ झाला आणि बोळ्याला मरून डाग लागला. साध्या डब्यातला रंग केवळ द्रावक उडून सुकतो, त्यामुळे पेट्रोल त्याला पुन्हा सोडवू शकते. हार्डनर (रंग कडक करणारे द्रव) मिसळलेल्या दोन घटकांच्या पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंगात मात्र रासायनिक बंध तयार होतात आणि तो पेट्रोल बराच काळ सोसतो. पंपावर नळी बाहेर काढताना टाकीवर दोन थेंब पडतातच. टाकीचा प्रश्न त्या बोळ्याने सोडवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

धुळे रस्त्यावरच्या एका वयस्कर पेंटरकाकांकडे गेलो. त्यांना मी एवढेच विचारले की उघड्या पत्र्यावर पहिले काय मारता. त्यांनी "इपॉक्सी प्रायमर, मग लांबी लागली तर त्याच्यावर" असे उत्तर दिले आणि मी टाकी त्यांच्याकडे देण्याचे ठरवले. भाव त्यानंतर विचारला. घासकाम झालेले असल्याने त्यांनी अडीच हजार सांगितले.

उघडा पत्रा रात्रभरातही गंज धरू शकतो, म्हणून आज सकाळीच पुन्हा एक हात घासून, थिनरने पुसून, सुती कापडात गुंडाळून टाकी नेली. मला वाटले होते की प्रायमरनंतर ती घरी आणून मीच घासावी. टाकीकडे नीट पाहून काका म्हणाले, "सर, टाकी आठेच ठेवा, तुम्हीच आठे या." (आठे म्हणजे इथे.) मग तिथेच बसून प्रायमर सुकण्याची वाट पाहिली. सुकल्यावर त्यांनी त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा दिला आणि ४०० नंबरचा कागद माझ्या हाती दिला. घासताना उंच भागावरचे काळे ठिपके निघून जातात आणि खोलगट भागात तसेच राहतात. पेट्रोलच्या झाकणापाशी नखाएवढा खळगा मला त्यामुळेच दिसला. तेवढ्यापुरती लांबी लागली, जेमतेम एक मिलिमीटर.

रंग मूळचाच, मरून. काळा किंवा निळा करावा असे धाकट्या भावाचे मत होते, परंतु आरसी पुस्तकात जो रंग लिहिलेला आहे तो बदलला तर आरटीओकडे तशी नोंद करावी लागते, आणि तसेही आप्पांनी शोरूममध्ये बोट दाखवून निवडलेला रंग मरूनच होता.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. काका तोंडाला नुसता रुमाल बांधून पीयू रंग मारतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि ती फुप्फुसांत जाऊन कायमचा दमा लावू शकतात. रुमालाने वाफ अडत नाही. मी तसे बोललो, तेव्हा तीस वर्षे असेच चालले आहे, असे ते म्हणाले आणि बोलताना दोनदा खोकले. जळगावला गेलो की रबरी कडांचा, कार्ट्रिजचा मास्क त्यांच्यासाठी आणणार आहे. त्याने पूर्ण संरक्षण होत नाही, पण रुमालापेक्षा तो नक्कीच बरा.

३० नोव्हेंबर, रविवार

गुरुवारी रंग आणि त्यावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, झाले. सकाळच्या गारठ्यात पत्रा थंड असतो, म्हणून काकांनी अकरा वाजेपर्यंत रंग फवारायची बंदूक हातात धरली नाही आणि आधी जमिनीवर पाणी मारून धूळ बसवली. स्टिकर क्लिअर कोटच्या खाली घेतले आहेत. आज टाकी चढवली. रबरी गाद्या नव्या टाकल्या. महिनाभर पॉलिश लावायचे नाही आणि पेट्रोल भरताना झाकणाभोवती फडके धरायचे, असे त्यांनी दोनदा बजावले.

मी डब्याने रंगवलेले चांगले पॅनल शेजारी ठेवून पाहिले. सावलीत ते टाकीसारखेच दिसते, उन्हात मात्र जरा फिके. ते आणि उन्हात बिघडलेले, अशी दोन्ही पॅनल्स उद्यापासून ४०० नंबरने उतरवायला घेतो. प्लास्टिक आहे, त्यामुळे आधी त्याला वेगळे प्रायमर लागेल.