शिकागोच्या आधीच थांबलेलं पुस्तक

बुधवार, रात्री साडेबारा

ह्यूमॅनिटीजचं क्रेडिट पूर्ण करायचं म्हणून '१९४५ नंतरची अमेरिकन कादंबरी' हा कोर्स घेतला, बाकी कम्प्युटर सायन्सवाले इकॉनॉमिक्स घेऊन मोकळे होतात, मला वाटलं गोष्टीची पुस्तकं वाचायला काय जातंय. आता सिलॅबस बघून घाम फुटतोय. ओ'कॉनर, नाबोकोव्ह, केरुअॅक, पिंचन, मॉरिसन, मॅकार्थी, आणि सगळ्यात पहिलं रिचर्ड राइटचं 'ब्लॅक बॉय', जे मुळात कादंबरीच नाही, आत्मचरित्र आहे. पण वाचायला घेतलं की हे आत्मचरित्र आहे हे लक्षातच राहत नाही. पहिल्याच पानांवर चार वर्षांचं पोरगं खेळता खेळता पडद्याला आग लावतं, मग घर पेटतं, मग ते घराखाली लपून बसतं. आणि ते मांजराच्या पिल्लाचं प्रकरण तर मी जेवताना वाचलं ते चुकलंच. बाप वैतागून म्हणतो, मारून टाका त्याला, आणि हा खरंच मारतो, बापाचा शब्द अक्षरशः पाळून बापाला हरवायचं म्हणून!

तरी माझा आवडता भाग दक्षिणेतल्या मेम्फिस शहराचा. ब्लॅक माणसाला तिथल्या लायब्ररीतून पुस्तक मिळायचं नाही, म्हणून तो ऑफिसातल्या एका गोऱ्याचं कार्ड मागून घेतो आणि त्या गोऱ्याच्या नावाने लायब्ररीयन बाईंना स्वतःच चिठ्ठी लिहितो, की या पोराला मेंकेन या टीकाकाराची पुस्तकं द्या. आणि त्या चिठ्ठीत स्वतःचा उल्लेख शिवी घालून करतो, कारण त्याशिवाय बाईंना खरं वाटलं नसतं. काय डोकं आहे, आणि काय वेळ आलीय माणसावर.

तर आजच्या लेक्चरमध्ये जे कळलं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून हे लिहायला बसलो. राइटने लिहिलं होतं मोठं पुस्तक, नाव 'अमेरिकन हंगर', दोन भागांचं. पहिला भाग दक्षिणेतला, मिसिसिपी, आर्कान्सा, मेम्फिस. दुसरा शिकागोचा. १९४४ साली 'बुक ऑफ द मंथ क्लब'ने (दर महिन्याला पुस्तक निवडून सभासदांना पोस्टाने पाठवणारी संस्था) कळवलं की आम्हाला फक्त पहिला भाग हवा. आणि हा क्लब म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं, १९४० साली याच लोकांनी त्याची 'नेटिव्ह सन' निवडली आणि तीन आठवड्यांत दोन लाखांवर प्रती गेल्या (तिच्यातही त्यांनी काटछाट करून घेतली होतीच). मग १९४५ मध्ये फक्त पहिला भाग 'ब्लॅक बॉय' नावाने आला. क्लबच्या निवड समितीतल्या डोरोथी कॅनफिल्ड फिशर या लेखिकेशी शेवटच्या पानांवरून त्याचा पत्रव्यवहारही झाला, त्यांचं म्हणणं असं की न्यायासाठी झटणारे गोरेही होतेच ना, त्यांच्याबद्दल दोन शब्द येऊ देत. राइटने काय केलं, तर आपण घडलो त्याचं श्रेय पुस्तकांना दिलं. माणसांना नाही. मला हे वाचून जाम मजा आली.

शिकागोचा भाग संपूर्ण पुस्तक म्हणून आला १९७७ साली, राइट १९६० मध्येच पॅरिसला वारला होता. दोन्ही भाग एकत्र छापले गेले ते तर १९९१ ला.

आणि त्या दुसऱ्या भागात आहे काय, तर तो हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॅबमध्ये झाडलोट करतो. तिथे प्रयोगाच्या कुत्र्यांच्या स्वरतंतूवर शस्त्रक्रिया केलेली, भुंकायला तोंड उघडतात पण आवाज नाही. एकदा दोन कामगारांची मारामारी होते, पिंजरे कोसळतात, उंदीर-ससे सगळीकडे, मग तो आणि बाकीचे तीन कामगार घाबरून हाताला येईल ते जनावर मिळेल त्या पिंजऱ्यात कोंबतात आणि डॉक्टरांना पत्ताच लागत नाही!! पुढे कम्युनिस्ट पक्ष, तिथेही संशय, शेवटी मे डेच्या मोर्च्यातून त्याच्याच कॉम्रेड लोकांनी त्याला उचलून बाहेर टाकलं. म्हणजे उत्तरेला येऊनही सुटका नाहीच.

डिस्कशन सेक्शनमध्ये यावरून बरंच वाजलं. एक मुलगी म्हणाली माझी पणजी मिसिसिपीहून शिकागोला आली, इलिनॉय सेंट्रलच्या गाडीने, आमच्या घरात ती गोष्ट नेहमी स्टेशनवर येऊन थांबते, पुढचं कोणी सांगत नाही. (आम्ही आमच्या युनिव्हर्सिटीच्या गावाहून, शॅम्पेनहून, वीकेंडला शिकागोला जातो ती अॅमट्रॅकची ट्रेन त्याच लाइनीवर धावते, मी तोवर त्यात फक्त झोपलोय.) मग मी बोललो, मुंबईत १९७२ साली दलित पँथर निघाली तिचं नाव इथल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं, आणि आमच्याकडेही 'बलुतं'सारखी पुस्तकं घराघरांत कपाटात आहेत पण ती वाचून सदाशिव पेठेतला माणूस म्हणतो की बापरे गावाकडे काय भयंकर होतं. गावाकडे, आणि होतं. स्वतःच्या सोसायटीत भाड्याने खोली देताना आडनाव विचारतो ते यात धरत नाही. क्लबच्या उत्तरेतल्या वाचकांचं हेच झालं असणार, उपासमार दक्षिणेत आहे तोवर पुस्तक भेट द्यायला सुद्धा चालतं. टीए (प्रोफेसरांची मदतनीस, सेक्शन तीच घेते) म्हणाली यावर पेपर लिही.

लिहीन, पण गोची अशी आहे की पुस्तक म्हणून मला तुकडा पाडलेलंच जास्त आवडतं. पहिल्या भागात एक वाक्य फुकट नाही, दुसऱ्या भागात पक्षाच्या मीटिंगा सुरू झाल्या की मी पानं मोजायला लागतो. आणि राइट काही भोळा नव्हता, खप किती होणार हे त्याला चांगलं माहीत होतं, कापलेल्यातला कम्युनिस्टांचा भाग त्याने १९४४ लाच 'अटलांटिक मंथली'त छापून आणला होता, म्हणजे गप्प काही बसला नव्हता. त्यामुळे 'क्लबने गळा दाबला' एवढाच सरळ पेपर लिहायचा मला कंटाळा आलाय, वर्गातले अर्धे तेच लिहिणार आहेत. मी लिहिणार की कापलेलं पुस्तक जास्त चांगलं आहे आणि तरीही खोटं आहे, आणि हे दोन्ही एकदम कसं काय ते हॉस्पिटलच्या प्रकरणावरून दाखवायचा प्रयत्न करणार. टीएला पटलं नाही तर ऑफिस अवर्समध्ये जाऊन भांडू.

ओ'कॉनर सोमवारपर्यंत वाचायचीय, अजून उघडलेली नाही.