तुम्ही विचारलंत म्हणून: तो समईचा प्रवेश सुचला कुठे?

जत्रेत आमच्या नाटकाचा प्रयोग झाला की कोणीतरी हमखास विचारतं, "तो समईचा प्रवेश तुम्हाला सुचला कसा?" मुलगा आता परत येणार नाही हे कळल्यावर आई रडत नाही, बोलत नाही. समईतली एकेक वात काढते आणि शेवटची तेवढी ठेवते. मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आलो: गोव्यात रायबंदरहून चोडणला जाताना, फेरीबोटीत, मांडवी नदीच्या मधोमध, एका क्षणात सुचला.

मी खोटं बोलत नव्हतो. तो क्षण मला आजही आठवतो, पायांखालच्या इंजिनाच्या थरथरीसकट.

मग दोन वर्षांपूर्वी कपाट आवरताना तालमींची जुनी वही हाती लागली. फेरीबोटीच्या पाच दिवस आधीचं पान: "काकी, सुपाऱ्या सोलताना. आजेसासूबाई. एकेक वात काढली." अक्षर माझंच! कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, बसून ऐकलेली गोष्ट मी लिहून ठेवली होती आणि साफ विसरलो होतो.

नॉर्मन मायर या मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली एक प्रयोग मांडला होता. छताला दोन दोऱ्या. त्यांची गाठ मारायची, पण एक धरली की दुसरीपर्यंत हात पोचत नाही. एका दोरीला पक्कड बांधून झोका दिला की काम होतं. अडलेल्या माणसाजवळून जाताना मायर सहज लागल्यासारखा दोरीला धक्का द्यायचा, आणि थोड्याच वेळात अनेकांना उत्तर सुचायचं. नंतर विचारलं, तर बहुतेकांच्या सांगण्यात तो धक्का नसे. एकाने तर सांगितलं, झाडांवरून झोके घेत नदी ओलांडणारी माकडं डोळ्यांपुढे आली. ती त्याला खरंच दिसली असणार. मला मांडवी दिसली तशीच.

आपली भाषा याबाबतीत प्रामाणिक आहे असं मला वाटतं. आपण "मला सुचलं" म्हणतो. त्या वाक्यात मी कर्ता नसतोच. कर्तेपण येतं ते नंतर, कोणी विचारलं की.

वही घेऊन मी काकींकडे गेलो. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला. म्हणाल्या, "पण आजेसासूबाईंनी सगळ्या वाती काढल्या होत्या रे. शेवटची तू ठेवलीस."

ती कुठून आली, ते वहीत नाही.