तांबडा-पांढरा: सगळा खेळ अळणी पाण्याचा

कोल्हापुरात मटणाचं ताट समोर आलं की पहिला हात पांढऱ्या रश्शाच्या वाटीकडे जावा. भाकरी मोडायच्या आधी, सुक्क्याला बोट लावायच्याही आधी. तांबड्याचं तिखट एकदा जिभेवर बसलं की पांढऱ्यातली वेलदोड्याची झुळूक आणि मटणाची मुरलेली गोडी कळेनाशी होते. वाटी तोंडाला लावून दोन घोट घेतले की त्या खानावळीत मटण कसं शिजवलंय याचा अंदाज येतो, कारण पांढऱ्यात लपवायला जागाच नसते.

चांगला पांढरा पातळ असतो. वाटीतून सरळ पिता येईल इतका. वर चरबीचे बारीक मणी तरंगतात, पोटात हाडाचा अर्क असतो आणि नारळ तिसऱ्या क्रमांकावर येतो. रस्सा चमच्याला जाड लेपासारखा चिकटत असेल आणि गार होताना वर साय धरत असेल तर त्यात कॉर्नफ्लोर किंवा दूध घातलेलं आहे. नुसता नारळ आणि काजूच लागत असतील तर अळणी पाणी, म्हणजे मटण तिखटाशिवाय शिजवलेलं पाणी, कमी पडलंय. तांबड्याची परीक्षा वेगळी. चमच्याने वरचा तवंग बाजूला सारून खालचा रस्सा बघायचा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून तवंग लालभडक आणि खालचा रस्सा विटकरी-तपकिरी असायला हवा. खालचं पाणीही तितकंच लाल, गुलाबीकडे झुकणारं दिसलं तर वरून रंग टाकलेला असण्याची शक्यता मोठी.

जेवायला शक्यतो साडेबारा-एकच्या सुमारास जावं. पांढरा रस्सा तासन्‌तास गरम ठेवला की फाटतो, त्यात बारीक दाणे दिसू लागतात. वारही बघावा: बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. त्या दिवशी खाटकाकडे माल ताजा आणि खपही मोठा.

आता घरचं. घरी तांबडा-पांढरा बिघडतो त्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ते दोन वेगळे पदार्थ समजून केले जातात. तांबडा करताना मटण मसाल्यात शिजवलं जातं, आणि पांढऱ्यासाठी नारळाच्या दुधात गरम पाणी ओतलं जातं. मूळ पद्धतीत पातेलं एकच. त्यात मटण तिखटाशिवाय शिजतं आणि त्या पाण्याचे तीन वाटे होतात: एक पांढऱ्याला, एक तांबड्याला, थोडं सुक्क्याला. या पाण्याला अळणी म्हणतात. शब्दशः अळणी म्हणजे बिनमिठाचं, पण इथे मीठ असतं, नसतं ते तिखट. लहान मुलांना हेच अळणी भाताबरोबर कालवून देतात.

सहा माणसांसाठी एक किलो मटण घ्यावं, पालव्याचं, म्हणजे कोवळ्या बकऱ्याचं, मिळालं तर उत्तम. खाटकाला नुसतं ‘चांगलं द्या’ म्हणून भागत नाही. मांडीचं मऊ मांस सुक्क्याला छान लागतं, पण रश्शाला चव हाडं देतात. म्हणून अर्धं मटण मांडी-खांद्याचं, उरलेलं गर्दन आणि बरगड्यांचं, आणि चार नळ्या वेगळ्या मागून घ्याव्यात. नुसतं बिनहाडाचं मटण घेतलं तर अळणी नुसत्या पाण्यासारखं होतं आणि पुढे कितीही मसाला घातला तरी रस्सा पोकळ लागतो.

मटण एकदाच धुवावं. दोन चमचे मीठ आणि दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण चोळून अर्धा तास ठेवावं. हळदीबाबत हात आखडता घ्यावा: चिमूटभर चालेल, पांढऱ्याला येणारी किंचित पिवळसर झाक कुणाला खटकत नाही. चमचाभर घातली तर पांढरा पिवळा होतो आणि हळदीचा वास नारळाच्या वर चढतो. उरलेली हळद तांबड्यात घालता येते.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, त्यावर एक बारीक चिरलेला कांदा. हा कांदा फक्त काचेसारखा व्हायला हवा. लाल झाला की अळणी तांबूस होतं, आणि मग पांढऱ्याचा रंग काही केल्या परत येत नाही. मटण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं परतावं. त्याला सुटलेलं पाणी बरंचसं आटू द्यावं, उग्र वास इथेच जातो. झाकण म्हणून खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतावं आणि तेच तापलेलं पाणी थोडंथोडं पातेल्यात सोडत जावं. एकूण अडीच लिटर पाणी जायला हवं, सगळं गरमच. शिजत्या मटणात गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि शिजायला उगाच वेळ जातो. पहिल्या पंधरा मिनिटांत वर येणारा करडा फेस पळीने काढून टाकावा. पुढे आच इतकीच की पृष्ठभागावर एखाददुसरा बुडबुडा फुटत राहील. खदखदून उकळलं तर चरबी पाण्यात घुसळली जाते आणि अळणी गढूळ, तेलकट होतं. कोवळं मटण तास-सव्वा तासात होतं, जून असेल तर दोन तासही लागतात. तुकडा बोटाने दाबला की हाडापासून सुटायला लागला पाहिजे, पण गळून पडता कामा नये, कारण सुक्क्यात त्याला अजून परतायचं आहे.

कुकर चालतो. पाणी दीड लिटरच घालावं, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून पंधरा मिनिटं ठेवावं आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ काढली की आतलं पाणी एकदम उसळतं, अळणी गढूळतं आणि मटण आवळतं. कमी पडलेलं पाणी नंतर कढत घालून हाडांसकट दहा मिनिटं उकळावं.

मटण बाजूला काढलं की अळणी दहा मिनिटं स्थिर ठेवावं. चरबी वर येते. ती पळीने अलगद काढून वाटीत ठेवायची, फेकायची नाही. ती जाणार तांबड्याच्या फोडणीत. यामुळे पांढऱ्याला स्वच्छ पाणी मिळतं आणि तांबड्याच्या तवंगाला मटणाची चव. साधारण दोन लिटर अळणी हाती येतं: पाऊण लिटर पांढऱ्याला, सव्वा लिटरला थोडं कमी तांबड्याला, उरलेली वाटीभर सुक्क्याला.

पांढऱ्याची तयारी आधी करून ठेवावी लागते. एक मोठा चमचा खसखस गरम पाण्यात किमान दोन तास भिजायला हवी. अर्ध्या तासात काढली तर कितीही फिरवली तरी कचकच राहते. तिच्याबरोबर एक मोठा चमचा पांढरे तीळ आणि आठ-दहा काजू. एका नारळाचं पहिलं घट्ट दूध वाटीभर काढून ठेवावं, मग चोथ्यात कोमट पाणी घालून दुसरं पातळ दूध काढावं. खसखस-तीळ-काजू या पातळ दुधातच गंधासारखं बारीक वाटावं आणि गाळून घ्यावं.

दोन चमचे तुपात तमालपत्र, चार लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, सात-आठ मिरे, तीन वेलदोडे आणि मध्ये चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या. खडा मसाला फुलला की चमचाभर आलं-लसूण घालावं, रंग न येऊ देता. मग वाटण घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवत राहावं. अळणी ओतून पाच मिनिटं उकळू द्यावं, मसाल्याचा सगळा अर्क या पाच मिनिटांत उतरतो. त्यानंतर आच अगदी बारीक करायची, घट्ट दूध धारेने सोडायचं आणि पळी थांबवायची नाही. कडेने वाफ दिसू लागली, की उकळी फुटायच्या आत खाली उतरवायचं.

इथेच बहुतेकांचा पांढरा फाटतो, म्हणून कारण समजून घ्यावं. नारळाच्या दुधात तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात, आणि त्यांना वेगळं ठेवतात नारळातली प्रथिनं. उकळी आली की ही प्रथिनं गोठतात, थेंब एकमेकांना मिळतात आणि वर तेल, खाली पाणी, मध्ये चोथ्यासारखे कण असं होतं. आंबटाने हेच आणखी लवकर घडतं. म्हणून लिंबू पातेल्यात पिळू नये, ताटात पिळावं. खसखस-काजूचं वाटण रश्शाला थोडं धरून ठेवतं, ते वाटण घालायचं हेही एक कारण आहे. फाटलेल्या पांढऱ्याला गाळून, चमचाभर काजूच्या वाटणाबरोबर मिक्सरमध्ये फिरवून पाहुण्यांपुरतं सावरता येतं, पण तो तलमपणा परत येत नाही.

तांबड्याला पांढऱ्याएवढी जपणूक लागत नाही, मात्र भाजण्यात घाई चालत नाही. शंभर ग्रॅम सुकं खोबरं किसून बदामी रंगावर भाजावं. तीन मध्यम कांदे सालीसकट थेट आचेवर भाजून करपलेली साल काढावी. दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस, दोन चमचे धणे, अर्धा चमचा जिरे, थोडे मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल हे सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण तीळ तडतडून संपतात तेव्हा धणे नुकते गरम होत असतात. यात पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दोन पेरं आलं, मूठभर कोथिंबीर घालून लोण्यासारखं वाटावं. भरड राहिलं तर खोबऱ्याचे कण रश्शात वेगळे तरंगतात. खोबरं काळं होईपर्यंत भाजलं तर चव खानदेशी काळ्या रश्शाकडे जाते. तोही सुंदर असतो, पण तांबडा नव्हे.

तिखट कुठलं, हा प्रश्न महत्त्वाचा. कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षभराची कांदा-लसूण चटणी डंकावर कुटून घेतात. तिखटाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी. या चटणीत मीठ असतं, आणि अळणीतही आहे. म्हणून तांबड्यात वेगळं मीठ शेवटी, चाखूनच घालावं. खारट तांबड्याच्या दहांतल्या नऊ तक्रारी इथूनच येतात.

अर्धी वाटी तेल आणि ती राखून ठेवलेली चरबी तापवावी. आच बारीक करून तीन मोठे चमचे चटणी आणि पाऊण चमचा हळद घालावी आणि लगेच पळीभर अळणीचा हबका मारावा. हा हबका चुकला तर मिरची पाच सेकंदांत करपते, रंग काळपट होतो आणि कडूपणा शेवटपर्यंत जात नाही. मग दोन तृतीयांश वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावं, दहा-बारा मिनिटं तरी. वाटण पातेल्याच्या कडा सोडून गोळा होऊ लागलं आणि भोवती लाल तेल दिसलं की झालं. आता कढत अळणी ओतून पंधरा मिनिटं मंद उकळावं. नळ्या यातच घालाव्यात. झाकण ठेवून दहा मिनिटं तसाच सोडला की तवंग आपणहून वर येतो. तांबडाही पातळच हवा. खोबरं वाढवून घट्ट केला की तो गोडसर होतो आणि भाकरीत मुरत नाही.

सुक्कं सोपं आहे: उरलेलं वाटण आणि दोन चमचे चटणी तेलात परतून मटणाचे तुकडे घालायचे, वाटीभर अळणी थोडंथोडं घालत तुकड्यांना मसाला धरेपर्यंत परतायचं.

ताटात ज्वारीची गरम भाकरी, कच्चा कांदा, लिंबू, दह्यातली कोशिंबीर. शेवटी भात, आणि तो आजऱ्याचा घनसाळ असेल तर पांढऱ्याबरोबर खावा. त्याचा बारीक सुगंधी दाणा तांबड्याखाली दबून जातो.

परदेशात करणाऱ्यांसाठी थोडंसं. दुबई-सिंगापूरला खसखस न्यायला बंदी आहे, तेव्हा ती बॅगेत भरू नये. तिच्या जागी मगजबी (खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया) आणि चार काजू जास्त घ्यावेत. डब्यातलं नारळाचं दूध निम्मं पाणी घालून सैल करावं, नाहीतर पांढऱ्याची कढी होते. तिकडच्या मेंढीच्या मटणाला चरबी जास्त, म्हणून अळणी आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवावं आणि सकाळी वर गोठलेला थर उचलून घ्यावा. त्यातला दोन चमचे तांबड्याला पुरतो.

उरलेला तांबडा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. पांढरा तसा ठेवू नये. जास्तीचं अळणी नारळाचं दूध न घालताच फ्रीझरमध्ये ठेवलं तर महिनाभर टिकतं, आणि पुढच्या वेळी वाटण भिजलेलं असेल तर वीस मिनिटांत ताजा पांढरा होतो.